हळद फवारून रेशीम अळ्यांमधलं धातूचं विष उतरतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूर जिल्ह्यात कन्हानच्या काठाला दीड एकर तुती. गावापासून अडीच किलोमीटरवर औष्णिक वीज केंद्राच्या राखेचा बंधारा. फेब्रुवारी-मार्चमध्ये वारं सुटलं की पानांवर पांढुरकी राख बसते. मागच्या दोन बॅचमध्ये चौथ्या कातीनंतर अळ्या लहान-मोठ्या झाल्या, काही मेल्या, कोष हलके आले. कुणीतरी सांगितलं की हळदीतलं कुरक्युमिन, आवळ्यातलं टॅनिन, तुळशीचा अर्क यांनी किड्यांच्या अंगातलं शिसं-कॅडमियमचं विष उतरतं आणि तसे प्रयोगही झालेले आहेत. तर दहा लिटर पाण्याला हळद किती घ्यायची? आणि बांधावरच्या मधमाश्यांच्या चार पेट्यांनाही साखरेच्या पाकातून द्यायची का?

हळद फवारू नका, पाकातही घालू नका. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचं वाचेपर्यंत एखादा पंप मारून मोकळा व्हायचा. पण तुम्हाला सांगणारा खोटं बोललेला नाही. प्रयोग झालेत, त्यांचे निकालही चांगले आहेत. फक्त ते तुमच्या अळीवर झालेले नाहीत, आणि सगळी गोम तिथेच आहे.

असले बहुतेक प्रयोग फळमाशीवर होतात. पिकलेल्या केळीभोवती फिरणारी चिलटं असतात ना, त्यांच्यातलीच एक जात. माशांच्या खाद्यात शिसं, कॅडमियम किंवा पारा कालवतात. काही नळ्यांत फक्त धातू, काहींत धातू आणि सोबत कुरक्युमिन, क्वेरसेटिन किंवा गॅलिक आम्ल असं वनस्पतीतलं एखादं रसायन. मग एक सोपी चाचणी असते. नळी टेबलावर हलकेच आपटायची, सगळ्या माशा तळाशी पडतात. माशीचा स्वभाव वर चढायचा. ठरलेल्या सेकंदांत किती माशा काचेवरच्या रेषेपर्यंत पोचल्या ते मोजायचं. धातू खाल्लेल्या माशा अर्ध्यातच घुटमळतात, घसरतात. धातूसोबत वनस्पतीचं रसायन खाल्लेल्या माशा बऱ्यापैकी वर जातात. मी स्वतः हे पाहिलेलं आहे आणि पाहताना भुरळ पडते हे कबूल करतो.

हे होतं कसं? कॅडमियम हा नकल्या आहे. पेशीच्या दारातून तो जस्त आणि कॅल्शियमच्या नावाने आत घुसतो. शिसंही कॅल्शियमचंच सोंग घेतं. आत गेल्यावर या दोघांना गंधकाची भारी ओढ. पेशीतल्या ज्या प्रथिनांना गंधकाचे हात असतात, त्या हातांना हे जाऊन चिकटतात आणि प्रथिनाचं काम थांबतं. पेशीकडे झीज भरून काढायला ग्लुटाथायोन नावाचं गंधकवालं रसायन असतं, ते या भानगडीत संपत जातं. ते संपलं की रोजच्या श्वसनातून तयार होणारा ऑक्सिजनचा कचरा साठतो आणि पेशीच्या चरबीयुक्त पडद्याला खवटपणा येतो. जुन्या तेलाला येतो तसाच. तांबं आणि लोखंड जास्त झालं तर ते थेट हा कचरा वाढवतात.

वनस्पतीतली रसायनं इथे तीन जागी हात देतात. काही आतड्यातच धातूला पकडतात, म्हणजे तो आत शिरतच नाही. काही तो खवटपणा थांबवतात. आणि काही, ही मला सगळ्यांत मोठी वाटते, कीटकाच्या पेशीला किंचित टोचतात, त्यामुळे पेशीचे स्वतःचे बचावाचे जनुक जागे होतात. कुरक्युमिन पहिल्या दोन्ही कामांत हुशार आहे. त्याच्या रेणूच्या मधोमध दोन ऑक्सिजन चिमट्यासारखे समोरासमोर बसलेले असतात, त्यात धातू अडकतो.

हा चिमटा डोळ्यांनी पाहायचा असेल तर घरी आवळा लोखंडी कढईत शिजवून बघा. तासाभरात कढई शाई सांडल्यासारखी काळी होते. आवळ्यातल्या टॅनिनने लोखंड धरलं, त्याचा तो रंग. केसांना लावायचा काळा रंग आपल्या आज्या असाच करायच्या. धातूला झाडाच्या रसायनाने धरणं म्हणजे काय, हे यापेक्षा सोपं मला कधी कुणाला समजावता आलेलं नाही.

आता दुसरा प्रयोग, तोही घरातलाच. चिमूटभर हळदीत खायचा चुना घाला. लालभडक होते. कुंकू असंच करत आले. हळदीचा रंग का बदलला? चुना अल्कधर्मी आहे, आणि अल्कधर्मी द्रवात कुरक्युमिनचं रूप बदलतं, मग ते तुटायला लागतं. अगदी साध्या, आपल्या रक्ताइतक्या सौम्य अल्कधर्मी पाण्यातसुद्धा अर्ध्या तासात बहुतेक कुरक्युमिन मोडून जातं.

आता तुमची अळी घ्या. फुलपाखरं आणि पतंग यांच्या अळ्यांचं मधलं आतडं हे जीवसृष्टीतल्या सगळ्यांत अल्कधर्मी जागांपैकी एक. रेशीम अळीच्या आतड्यातल्या रसाचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) दहाच्या आसपास असतो. म्हणजे तुमची अळी पोटात चुन्याची निवळी घेऊनच हिंडते. तिच्या तोंडात तुम्ही हळद घालता, पोटात जाऊन तिचं कुंकू होतं आणि पुढे कुंकूही राहत नाही. फळमाशीचं आतडं वेगळं, त्यातला एक भाग तर चक्क आंबट. तिच्यात जे टिकलं ते इथे टिकेल असं समजायला काहीच आधार नाही.

टॅनिनची गोष्ट तर उलटीच होते. आवळा, हिरडा, बाभळीची साल यांतली टॅनिनं आंबट जागी ऑक्सिजनच्या कचऱ्याला शांत करतात. तीच टॅनिनं अळीच्या अल्कधर्मी आतड्यात स्वतः ऑक्सिजनशी झटापट करून कचरा वाढवतात. तिथे तांबं किंवा लोखंड असेल तर अजूनच. झाडांनी टॅनिन बनवलं ते माणसाच्या आरोग्यासाठी नाही, पान खाणाऱ्या अळीचं पोट बिघडावं म्हणून. हा मुद्दा ‘नैसर्गिक आहे, नुकसान काय होणार’ म्हणणाऱ्यांना मी नेहमी सांगतो. कडुनिंब नैसर्गिकच आहे. त्यातलं अॅझाडिरेक्टिन अळीची कात अडवतं, म्हणून तर आपण निंबोळी अर्क कपाशीवर मारतो. सीताफळाच्या बिया नैसर्गिक आहेत, तंबाखू नैसर्गिक आहे. तुळशीतलं युजेनॉल किडे पळवतं. रेशीम अळी हीसुद्धा अळीच आहे, हे फवारणी करताना लोक विसरतात. तुळशीचा अर्क पानावर मारलात आणि त्यातून काहीच बिघडलं नाही, तरी अळी ते पान तोंडात घेणार नाही, आणि पाचव्या, म्हणजे चौथ्या कातीनंतरच्या शेवटच्या अवस्थेत एक दिवस उपाशी राहिलेल्या अळीचा कोष कसला होतो ते तुम्हाला माहीत आहे.

हळद मी स्वतः करून पाहिली आहे. बरीच वर्षं झाली, तेव्हा मलाही असंच कुणी सांगितलं होतं. हळद पाण्यात विरघळत नाही, हे मी शिकवत होतो आणि तरीही पाण्यात ढवळून पानांवर मारली. पानं सावलीत सुकवली, ट्रेमध्ये टाकली. शेजारच्या ट्रेमध्ये अळ्यांचा पान खातानाचा तो पावसासारखा आवाज सुरू होता. हळदीच्या ट्रेमध्ये शांतता. दोन तासांनी बघितलं तर अळ्या पानाच्या कडेकडेने डोकं हलवत फिरत होत्या, ज्या ठिकाणी हळद लागली नव्हती तेवढंच कुरतडलेलं. मी ट्रे रिकामा केला आणि साधा पाला टाकला. माझा प्रयोग तेवढाच.

हळदीबद्दल अजून एक, आणि हे माणसांनाही लागू आहे. बाजारातली सुटी, भडक पिवळी दिसणारी हळद कधी कधी लेड क्रोमेटने रंगवलेली असते. लेड म्हणजे शिसं. त्याला बंदी आहे, तरी भेसळ सापडत राहते. शिशाचं विष उतरवायला शिसंच फवारायचं, असा तो प्रकार होईल. तुमच्या घरी वायगावची हळद येत असेल, समुद्रपूर तालुक्यातली, जिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि जिच्यात कुरक्युमिन भरपूर असतं, तर ती भाजीत घाला. तिथे ती तेलात जाते, मिरीसोबत जाते, आणि तुमच्या पोटात चुना नाही.

मग अळी धातूपासून स्वतःला वाचवते कशी? तिची स्वतःची व्यवस्था आहे आणि ती हळदीपेक्षा फार जुनी आहे. मेटॅलोथायोनिन नावाचं छोटं प्रथिन असतं, गंधकाने गच्च भरलेलं. १९५७ साली मार्गोशेस आणि व्हॅली या दोघांना ते घोड्याच्या मूत्रपिंडात कॅडमियमसकट सापडलं. पुढे तसलीच प्रथिनं कीटकांतही मिळाली. धातू आला की पेशी हे प्रथिन भराभर बनवते आणि धातूला त्यात गुंडाळून ठेवते. आतड्याच्या पेशी त्या गाठोड्यासकट गळून पडतात आणि विष्ठेतून बाहेर जातात. कात टाकताना थोडं जातं. रेशीम अळीच्या पोटात गेलेल्या कॅडमियमचा बराच मोठा वाटा असा विष्ठेतून निघून जातो. चीनमध्ये कॅडमियमने बिघडलेल्या शेतात भाताऐवजी तुती लावावी का, असा अभ्यास झाला तो याच जोरावर. तुतीचं झाड बराचसा कॅडमियम मुळांतच अडवून धरतं, पानात जेवढा येतो त्यातला बराच विष्ठेत जातो, आणि रेशीम कुणी खात नाही.

यातून तुमच्या उपयोगाच्या दोन गोष्टी निघतात. पहिली: मेटॅलोथायोनिन आणि ग्लुटाथायोन दोन्हींना गंधकवाली अमिनो आम्लं लागतात, ती येतात पानातल्या प्रथिनातून. पिवळं पडलेलं, नत्र कमी पडलेलं, दुपारी तोडून संध्याकाळपर्यंत गोणपाटात कोमेजलेलं पान घातलं तर अळीच्या हातातलं हत्यारच काढून घेतल्यासारखं आहे. अळीला क जीवनसत्त्वही पानातूनच मिळतं, आणि कोमेजलेल्या पानात ते उतरतं. क्वेरसेटिन, रुटिन, क्लोरोजेनिक आम्ल ही सगळी नावं तुम्ही त्या प्रयोगांत ऐकलेली असतील, ती तुतीच्या ताज्या पानात आधीपासून आहेत. ती अळीला मानवणारीही आहेत, कारण हजारो वर्षं ती हेच पान खात आली आहे. हिरवट कोष देणाऱ्या जातींच्या रेशमात तर क्वेरसेटिनचेच प्रकार उतरतात. तेव्हा वनस्पतीतली रसायनं द्यायची असतील तर ती सकाळी सहाला तोडलेल्या, सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवलेल्या पाल्यात आहेत. दहा लिटरला किती, या हिशेबाची गरज नाही.

दुसरी: बेडची, म्हणजे अळ्या ज्या पाल्याच्या थरावर वाढतात त्याची, साफसफाई वेळेवर करा, आणि ती विष्ठा व उरलेला पाला खड्ड्यात कुजवून परत तुतीलाच घालू नका. नाही तर अळीने बाहेर टाकलेला धातू तुम्ही दरवर्षी घरी आणाल. माझ्या परिचयाच्या एका शेतकऱ्याने मला यावर विचारलं होतं, ‘मग सर, खत टाकू कुठं?’ मी म्हटलं, बांधावरच्या सागाला टाका.

इथे थोडं विषयांतर करतो. गडचिरोलीत आरमोरीच्या बाजूला टसरचे, म्हणजे रानातल्या झाडांवर वाढणाऱ्या रेशमाचे, कोसे करणारे ढिवर समाजाचे लोक आहेत. त्यांची अळी ऐनाच्या आणि अर्जुनाच्या पानांवर वाढते. ऐनाच्या सालीने पूर्वी कातडी कमवायचे, एवढं त्यात टॅनिन. म्हणजे वर जे मी म्हणालो, टॅनिन अळीला त्रासदायक, ते टसरच्या अळीला सांगायला जाऊ नका, ती हसेल. तिने पिढ्यान्‌पिढ्या त्याची सवय करून घेतली आहे. पण तीच अळी उचलून तुतीवर ठेवली किंवा तुमची तुतीची अळी ऐनावर ठेवली तर? कोणत्या झाडाचं रसायन कोणत्या किड्याला चालतं, हे त्या दोघांमधलं जुनं प्रकरण आहे. तिसऱ्याने मध्ये पडून उपयोग नाही. तिथल्या एका म्हाताऱ्याला मी विचारलं होतं, पानावर धूळ बसली तर काय करता? तो म्हणाला, ‘पाण्याचा सडका आला का रानच धुऊन जाते बाबू. नाही आला त आमी अळ्या उचलून दुसऱ्या झाडावर नेतो.’ पुढचा सगळा सल्ला या दोन वाक्यांचाच विस्तार आहे.

सल्ल्याआधी एक शंका. तुमचा रोग धातूचा आहे हे कुणी ठरवलं? अळ्या लहान-मोठ्या होणं, चौथ्या कातीनंतर मरणं, कोष हलके येणं, हे वर्णन वाचून माझ्या मनात कॅडमियम आधी आला नाही. फ्लोराइड आलं. रेशीम अळी फ्लोराइडला विलक्षण हळवी आहे. पानाच्या सुक्या वजनात किलोमागे ३० मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड गेलं की त्रास दिसायला लागतो. बाकी जनावरांना जाणवणारही नाही इतकं हे कमी आहे. ते येतं कोळशातून, आणि त्याहून जास्त वीटभट्टीतून, कारण विटेची माती भाजली की तिच्यातलं फ्लोरिन वायू होऊन निघतं. चीनमधल्या रेशीम भागात गावोगावी वीटभट्ट्या वाढल्या तेव्हा यानेच मोठं नुकसान झालं होतं. मेलेली अळी हातात घ्या आणि उजेडात तिचे सांधे बघा. दोन वळ्यांच्या मधल्या पातळ कातडीवर तपकिरी-काळं कडं किंवा ठिपके दिसले, कातडी जरा ताणली की फाटली, तर संशय पक्का. झाडाकडेही बघा: पानांची टोकं आणि कडा करपल्यासारख्या असतील. फ्लोराइड धातू नाही, हळदीचा चिमटा त्याला धरत नाही. ते वायुरूपात पानाच्या आत शिरलेलं असतं, त्यामुळे धुऊनही पुरतं जात नाही. पान जितके दिवस झाडावर, तितकं साठतं. कोवळ्या पानात कमी, जून पानात जास्त.

दुसरी शंका फवारणीची. शेजारी कपाशी किंवा संत्रा आहे का? वाऱ्याबरोबर आलेल्या कीटकनाशकाने अळ्या डोकं हलवतात, तोंडातून हिरवं पाणी टाकतात, आखडतात आणि एकदम मरतात. धातूचं विष असं तडकाफडकी मारत नाही, ते भूक मारतं आणि वाढ खुंटवतं. तुमचं वर्णन पाहता फवारणी मला कमी वाटते, पण ग्रासरी आणि फ्लॅचरी हे अळ्यांचे संसर्गाचे रोगही याच दिवसांत येतात, तेव्हा रेशीम कार्यालयातल्या कुणाला तरी मेलेल्या अळ्या दाखवाच.

आता राख. आपली काळी माती चुनखडीची, अल्कधर्मी, चिकण. अशा मातीत शिसं आणि कॅडमियम घट्ट धरलं जातं, मुळांना सहज मिळत नाही. आर्सेनिकचं तसं नाही, ते अल्कधर्मी मातीत उलट सुटं होतं. पण एकूण बघता तुमच्याकडे धातू जमिनीतून पानात चढण्यापेक्षा वरून पानावर बसतोय, ही शक्यता मोठी. आणि वरून बसलेलं धुता येतं. हे खरं की नाही हे ठरवायला फार खर्च नाही. एकाच ओळीतली पानं तोडा, अर्धी तशीच ठेवा, अर्धी नळाच्या पाण्याने दोनदा खळबळून घ्या. दोन्ही सावलीत वाळवून वेगवेगळ्या कागदी पिशव्यांत भरा, प्लॅस्टिकच्या नको, बुरशी येते. दोन्ही नमुने प्रयोगशाळेत द्या आणि शिसं, कॅडमियम, आर्सेनिक यांसोबत फ्लोराइडही तपासायला सांगा. फ्लोराइडची तपासणी वेगळी असते, सांगितल्याशिवाय कुणी करत नाही. धुतलेल्या आणि न धुतलेल्या पानांत मोठा फरक आला तर तुमचा शत्रू धूळ आहे.

धुवायचं कसं हा खरा प्रश्न आहे. १०० अंडीपुंजांच्या (एका मादी पतंगाने घातलेली अंडी म्हणजे एक पुंज) बॅचला टनाच्या आसपास पाला लागतो आणि त्यातला ८० टक्क्यांहून जास्त पाचव्या अवस्थेच्या सात-आठ दिवसांत. एवढा पाला टबात बुडवून धुणं कुणाच्याही बापाने होणार नाही. उभ्या झाडांवरच आदल्या संध्याकाळी साध्या पाण्याचा जोरदार फवारा मारायचा, पानाच्या दोन्ही बाजूंना, आणि सकाळी पान कोरडं झाल्यावर फांद्या कापायच्या. ओला पाला बेडवर जाऊ देऊ नका, दमटपणा वाढला की रोग येतो आणि मग राखेच्या नावाने खडे फोडत बसाल. चॉकीच्या, म्हणजे सुरुवातीच्या अवस्थांतल्या लहान अळ्यांना पाला थोडाच लागतो, तो मात्र खरंच टबात धुऊन, फडक्याने टिपून घाला. लहान अळीला विष जास्त बाधतं.

आणि पंप. हे मी मोठ्या अक्षरात लिहिलं असतं. एका वर्षी धूळ धुवायला मी घरचाच पंप घेतला, तीनदा खळखळून. आदल्या महिन्यात त्याच पंपाने तुरीवर फवारणी झाली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी संगोपनगृहात गेलो तर तो पावसाचा आवाजच नव्हता. अळ्या हिरवं ओकत, मान टाकून पडलेल्या. पूर्ण बॅच खड्ड्यात पुरली, चूक शंभर टक्के माझी. तेव्हापासून तुतीचा पंप वेगळा, त्यावर लाल रंग, आणि तो कुणालाही उसना द्यायचा नाही, सख्ख्या भावालाही नाही.

बंधाऱ्याच्या बाजूच्या धुऱ्यावर शेवरी किंवा करंजाची दाट रांग लावा, दोन वर्षांत तिचा फरक दिसेल. त्या बाजूच्या पहिल्या चार-पाच ओळींचा पाला पाचव्या अवस्थेला देऊ नका, गुरांनाही देऊ नका. वारं सुटायच्या आधी, म्हणजे पावसाळा संपल्यापासून थंडीपर्यंतच्या बॅचेस मोठ्या घ्या आणि फेब्रुवारीनंतरची लहान ठेवा. पाऊस होऊन गेल्यावरचा पाला सगळ्यांत चांगला. त्या आरमोरीच्या म्हाताऱ्याचं हेच म्हणणं होतं.

मधमाश्यांचं प्रकरण जरा वेगळं आहे आणि तिथे वनस्पतीतल्या रसायनांची बाजू मला जास्त भक्कम वाटते. परागकणाच्या टणक कवचात पी-कुमॅरिक आम्ल असतं. इलिनॉय विद्यापीठातल्या माओ, शुलर आणि बेरेनबॉम यांनी २०१३ साली दाखवलं की हे आम्ल मिळालं की मधमाशीचे विष निकामी करणारे जनुक जागे होतात. नुसत्या साखरेच्या पाकावरच्या माश्यांना ते मिळत नाही. त्यांचं काम कीटकनाशकाच्या संदर्भात होतं, धातूच्या नाही, त्यामुळे ओढूनताणून लावू नये. पण एवढं नक्की की पाकात हळद घालण्यापेक्षा पाक कमी आणि पराग जास्त हा रस्ता बरोबर आहे. बांधावर बोर, जांभूळ, करंज, शेतात तीळ, करडई, सूर्यफूल, तूर. पेटीजवळ पसरट भांड्यात स्वच्छ पाणी आणि बसायला चार खडे ठेवा, नाही तर उन्हाळ्यात माश्या राखेच्या डबक्यावर जातील. माशीच्या अंगावरचे केस धूळ वेचतात, त्यामुळे धातू पहिल्यांदा माशीत आणि परागात सापडतो, मधात त्यामानाने कमी.

पेट्या फुलोऱ्यासाठी फिरवत असाल तर दोन जागा लक्षात ठेवा. संत्र्याच्या आंबिया बहारात काटोल-वरुडकडे नेल्या तर शेतकऱ्याला विचारून घ्या की तांबेयुक्त बुरशीनाशक किंवा बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) कधी मारलं. डिंक्यासाठी, म्हणजे खोडातून डिंक गळण्याच्या रोगासाठी, खोडाला लावतात त्या बोर्डो पेस्टची तेवढी भीती नाही, १० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद असलं तरी ते खोडावरच राहतं. फुलांवरच्या फवाऱ्याची भीती आहे. आणि मनसर, तुमसरकडच्या मँगनीजच्या पट्ट्यात ठेवणार असाल तर हे ऐका: २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मँगनीज पोटात गेलेल्या मधमाश्या वयाच्या आधीच बाहेर चारायला निघाल्या आणि त्यांच्या फेऱ्या मात्र कमी झाल्या. पोरवयात मजुरीला लावलेल्या माणसासारख्या. माशी मेलेली दिसत नाही, पेटी मात्र हळूहळू ओस पडते.

हे सगळं वाचूनही तुमचं मन हळद-आवळ्यावर असेल तर मी अडवत नाही, पण बॅचवर नको, ट्रेवर करा. चौथ्या कातीतून उठलेल्या सारख्या आकाराच्या ५०० अळ्या निवडा आणि शंभर-शंभरचे पाच ट्रे करा. एकाला न धुतलेला पाला. दुसऱ्याला धुतलेला. तिसऱ्याला न धुतलेला, वर तुमचा अर्क. चौथ्याला धुतलेला आणि अर्क. पाचव्याला राखेच्या पट्ट्याबाहेरच्या गावातून आणलेला पाला. अर्क पातळ, दिवसातून एकाच वेळच्या पाल्याला, बाकी तीन वेळा साधा. रोज मेलेल्या मोजा. सहाव्या दिवशी प्रत्येक ट्रेमधल्या १० अळ्यांचं वजन सोनाराकडच्या काट्यासारख्या बारीक काट्यावर घ्या. कोष झाल्यावर २५ कोषांचं वजन, मग ते कापून नुसत्या कवचाचं वजन, त्यातून कवचाची टक्केवारी. दुबार (वर्षात दोन पिढ्या देणाऱ्या) जातीत ती विशीच्या आसपास यायला हवी. पहिल्या आणि तिसऱ्या ट्रेमध्ये फरक आला तर अर्काने काही केलं. दुसऱ्या आणि पाचव्यात फरक आला नाही तर नुसतं धुणं पुरेसं आहे. दुसरा ट्रे पाचव्यापेक्षा खूप मागे राहिला तर विष पानाच्या आत आहे, आणि मग आपल्याला परत फ्लोराइडकडे यावं लागेल.

तुम्ही बंधाऱ्याचं अंतर लिहिलंत, पण वीटभट्टीचं काही लिहिलं नाही. कन्हानच्या काठाला भट्टी नाही असं गाव मला तरी आठवत नाही. ती तुमच्या तुतीपासून किती दूर आहे, कोणत्या दिशेला आहे आणि फेब्रुवारीत पेटलेली होती का, तेवढं कळवा. मेलेल्या अळीच्या सांध्यांचा एक जवळून काढलेला फोटोही पाठवा, दिवसाच्या उजेडातला.